अकरा दारं

बीफ ओव्हनमधून निघेपर्यंत म्युरिअल स्टॅदर्सने मनाशी ठरवून टाकलं होतं की जेवणं होईतो त्या कागदाचं नाव कोणी काढायचं नाही. पण लोरेनने अंगातला कोट काढायच्या आधी पिशवीतून फाइल काढली आणि टेबलावर, नेमकी मीठदाणीला टेकवून, उभी केली. सुनेची ही तऱ्हा तीस वर्षांत बदलली नव्हती. सासूला नावाने हाक मारायची, तुम्ही म्हणायचं, आणि वागायचं मात्र घर आपल्याच नावावर असल्यासारखं. म्युरिअलने फाइल उचलून पावाच्या डब्यावर ठेवली. लोरेनने ती पुन्हा मीठदाणीपाशी आणली.

"उद्या टपालात पडायला हवी, म्युरिअल. सुनावणी तेरा दिवसांवर आलीय."

"मग आज रविवार आहे. टपालपेटी काही पळून जात नाही."

हे बोलून गेल्यावर तिला गेनर तिथेच बसल्याचं ध्यानात आलं. गेनरसमोर टपालाचा विषय घरात कोणी काढत नसे.

गेनर म्हणजे म्युरिअलची धाकटी. चव्वेचाळीस वर्षांची. सतरा वर्षं तिने टपाल वाटलं, पाठीवर पिशवी, पुढे ढकलगाडी, रोजचे दहा-अकरा मैल, पावसापाण्याचं, कुत्र्यांचं. सहा गल्ल्यांतल्या प्रत्येक दाराची फट तिला हाताने ओळखता यायची. पाच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका सकाळी तिची गाडी एका गल्लीच्या तोंडाशी नुसतीच उभी सापडली आणि ती स्वतः दोन घरांमधल्या बोळात भिंतीला पाठ लावून बसलेली. पाय धडधाकट. अजूनही तसेच आहेत. पण रस्त्यावर आलं की छाती आवळते, कानात पाणी भरल्यासारखं होतं, समोरचा रस्ता लांबतच जातो आणि ती होती तिथे खिळून राहते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. नाव म्युरिअलने कधी तोंडातून काढलं नाही. ती म्हणायची, आमच्या गेनरच्या मनाला जरा थकवा आलाय.

सरकारकडून अशा माणसाला भत्ता मिळतो. त्याचे दोन भाग. घरातल्या रोजच्या कामांचा भाग गेनरला मिळाला. हिंडण्या-फिरण्याच्या भागात तिला मिळाले शून्य गुण. फेरविचाराचा अर्ज केला, पुन्हा शून्य. आता अपील. त्या भागाचे पैसे आले तर मंगळवारी टॅक्सी करून, लेकीला बरोबर घेऊन, शहराच्या दुसऱ्या टोकाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला जाता येणार होतं. नऊ महिने रांगेत थांबून ती जागा मिळालेली. दोन मंगळवार चुकले होते. तिसरा चुकला की नाव कापणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

आधी यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे पिठाच्या फुगवलेल्या खमंग वाट्या, नुसत्या रश्शाबरोबर, मग मांस आणि बटाटे. म्युरिअलच्या घरात हा क्रम तिच्या आईपासून चालत आलेला. पुडिंगं आज चांगली फुगली होती, पण कोणी तसं म्हणालं नाही. डेनिस, थोरला, खाली मान घालून खात होता. कॅरावानच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला टेबलावरचं भांडण यंत्राच्या आवाजासारखं सोसता येत असे. पलीकडे डॉल, म्युरिअलची नणंद, समोरच्या तीस नंबरात एकटी राहणारी. आणि गेनरची मुलगी कार्ली, एकोणीस वर्षांची, म्हाताऱ्यांच्या आश्रमात पाळ्या करणारी, आज पाळी बदलून आलेली. गेनर मधोमध. तिला डेनिसने व्हॅनमधून आणलं होतं.

रस्सा संपायच्या आत लोरेनने फाइल उघडली. सल्लाकेंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं ते तिने सांगितलं. नियम असा की मनाच्या त्रासामुळे ओळखीच्या रस्त्यानेसुद्धा सोबतीशिवाय जाता येत नसेल तर बारा गुण, म्हणजे पूर्ण पैसे. डॉक्टरांचं पत्र आहे. पण कचेरीचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य ज्याचं आहे त्यानेच ते मागे घेतल्याशिवाय सुनावणीला बसणारी तीन माणसं काही हलायची नाहीत.

मग तिने ते वाक्य वाचलं. "'अर्जदाराच्या आईने सांगितलं की अर्जदार दररोज आईच्या घरी एकटी, पायी येते. आमच्या घरात कोणाला हात धरून न्यावं लागत नाही, असंही त्यांनी सांगितलं.'"

"सांगितलं," म्युरिअल म्हणाली. "खरं तेच सांगितलं."

मागच्या वसंतातली गोष्ट. तपासणीची बाई घरी येणार होती. गेनरच्या घरी नको, इथेच येऊ दे, असं म्युरिअलनेच ठरवलं. तिने पायरी घासली, पडदे धुतले, लग्नातले कप काढले. कचेरीचं माणूस घरी येणार म्हटलं की या घरातल्या बायकांना दुसरं काही सुचतच नसे. तिच्या आईनेही, मंदीच्या काळात, मदतीच्या अर्जाची चौकशी करायला माणूस आला तेव्हा शेजारून मागून आणलेला इस्त्रीचा टेबलक्लॉथ अंथरला होता. माणसाने टेबलक्लॉथ पाहिला आणि वहीत लिहिलं की घरचं बरं चाललंय. त्या हिवाळ्यात मदत आली नाही. ही गोष्ट म्युरिअल मुलांना सांगायची ती आईच्या ताठ मानेचं कौतुक म्हणून. त्यात दुसरं काही असेल हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

डेनिसने आईची बाजू घेतली. म्हातारीला कशाला ओढता त्यात, एकोणऐंशीची आहे ती, तिने काही मुद्दाम केलं नाही, असं काहीतरी तो ताटाकडे बघत म्हणाला. लोरेन म्हणाली, मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय, फक्त एक कागद हवाय. म्युरिअल म्हणाली की कागद द्यायला तिची ना नाही, पण खोटं लिहून द्यायची नाही. पोरगी रोज तीनच्या ठोक्याला दार वाजवते. एकोणीस नंबरापासून एक्केचाळीसपर्यंत. अकरा दारं. ऊन असो, वारा असो. आपण चहाचे कप मांडून बसलेलो असतो आणि टकटक होते. बरोबर कोणी नसतं. आता यावर काय म्हणणं आहे?

कार्लीने आईकडे पाहिलं. डॉलने रुमाल काढून नाक पुसलं, तिला सर्दी नसताना.

"सांगून टाका आता," लोरेन म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

सांगितलं डॉलने. आधी घसा खाकरून, मग एका दमात, पोटातलं ओझं टाकल्यासारखं. तीनला पाच कमी असताना ती आपल्या खिडकीचा पडदा बाजूला करून उभी राहते. गेनर आपल्या दारात येते, तिला खिडकीत डॉल दिसली की पहिलं पाऊल टाकते. मधल्या केशकर्तनालयाची मालकीण बाहेर येऊन काच पुसत राहते, पुसायची गरज असो नसो. आणि कार्ली पूर्ण वेळ फोनवर, गेनरच्या कानात. काय दिसतंय ते सांग आई, आता कोणता नंबर आला ते सांग, असं दर पावलाला. कार्ली कामावर असली की त्या फोनवर लोरेन असते, शाळेच्या स्वयंपाकघरातून, एका हाताने भांडी आवरत.

"आणि व्हॅन," कार्ली म्हणाली.

लोरेनने नवऱ्याकडे वळून पाहिलं. हे तिलाही नवीन होतं. डेनिसचे कान लाल झाले. अडीचला कारखाना सुटतो, तो म्हणाला, आणि तसंही याच रस्त्याने यावं लागतं. पंचवीस नंबरासमोर जरा थांबायचं. ती पुढे गेली की निघायचं. त्यात काय एवढं.

"दोन वर्षं?" लोरेनने विचारलं.

"अडीच."

आणि इतकं सगळं करूनही आठवड्यातून दोनदा ती दाराच्या आत कोट घालून चाळीस-चाळीस मिनिटं उभी राहते आणि बाहेर पडत नाही, हे कार्लीने सांगितलं. त्या दिवशी आजीला फोन जातो की आज गेनरला झोप लागली.

अडीच वर्षं ही सगळी मिरवणूक तिच्या दारावरून चालली होती आणि तिला पत्ता नव्हता. आणि पत्ता लागणार तरी कसा. ती हल बंदरातल्या गोदीवरच्या बाईची मुलगी, बोटीवरच्या माणसाची बायको. बाहेर गेलेल्या किंवा घरी यायच्या माणसाची दारात उभं राहून वाट बघायची नाही, वळून बघायचं नाही, हात हलवायचा नाही, बोट सुटायच्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. धुतले तर माणूस वाहून जातो, बघत राहिलं तर परत येत नाही. हे तिला बाराव्या वर्षी कळलं होतं, आणि तिचा नवरा अर्नल्ड एकवीस वर्षं आइसलंडच्या पाण्यात जाऊन दर वेळी परत आला तो त्यामुळेच, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. बोटी केव्हाच बंद झाल्या. अर्नल्ड अंथरुणात मेला. पण म्युरिअल कधी कोणासाठी दारात उभी राहिली नाही. तीन वाजता ती स्वयंपाकघरात असते, पाठ रस्त्याकडे, कान दाराकडे. सगळी गल्ली बघत होती, फक्त तीच बघत नव्हती.

"म्हणजे केशकर्तनालयातल्या बाईला ठाऊक," ती सावकाश म्हणाली, "आणि मला नाही."

"मी सांगितलं होतं त्यांना," गेनर बोलली. "तुला सांगायचं नाही म्हणून."

"का?"

गेनरने पुडिंगचा तुकडा रश्शात फिरवला. "मी आपली आपण येते, एवढंच उरलं होतं, आई, तुला लोकांना सांगायला."

एवढं ऐकून दुसरी कोणी असती तर रडली असती. म्युरिअलला राग आला. राग ही तिच्या हाताशी असलेली वस्तू होती, शोधावी लागत नसे. तिने लोरेनला पेन काढायला लावलं. लिही, म्हणाली. लोरेन लिहू लागली. म्युरिअलने सांगितलं की आपली मुलगी गेनर कधीकधी दमते. गर्दी असली की तिला बरं वाटत नाही. घरातली माणसं तिच्यावर लक्ष ठेवून असतात. तिने नेहमीच कष्ट केलेत आणि...

लोरेनने पेन खाली ठेवलं. "याला शून्य गुण मिळतील."

"मग तू तुझं लिही."

"माझं लिहून झालंय. डॉलचं झालंय. त्यांना तुमचं हवंय."

"तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला लाडावून ठेवलंय," म्युरिअल म्हणाली, आणि एकदा तोंडातून निघालं तसं तिला ते पटूही लागलं. "काचेच्या भांड्यासारखी जपलीत. खिडकीत उभे राहता, फोनवर बडबडता. कोणी एकदा तरी म्हणालं का तिला, चल, पाऊल टाक? ऊठ गेनर. मी येते तुला घरी सोडायला. आपण दोघी. बाकीच्यांनी इथेच बसायचं, खिडकीपाशी जायचं नाही, फोन लावायचा नाही."

कार्ली उठून उभी राहिली. आजी, नको, असं ती दोनदा म्हणाली. डॉलने डेनिसकडे पाहिलं, डेनिसने खिशातली किल्ली चाचपली. लोरेन मात्र गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं म्युरिअलला सगळ्यात जास्त झोंबलं.

"जाऊ दे," गेनर म्हणाली. "ती म्हणतेय तर जाते."

तिने कोटाची बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत. दार उघडलं. बाहेर मार्चचं स्वच्छ ऊन होतं, जरा गार, रविवारी दुपारी असते तशी रिकामी गल्ली. म्युरिअलला मनातून बरंच वाटलं. यात भिण्यासारखं आहे तरी काय.

एकोणचाळीस नंबर गेला, सदतीस गेला. गेनर भिंतीच्या बाजूने चालत होती, म्युरिअल रस्त्याच्या बाजूने, दुखऱ्या खुब्यामुळे जराशी झुलत. पस्तीसपाशी गेनरने समोर डॉलच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा बंद होता. डॉल तर आत, एक्केचाळीसात, ताटासमोर बसलेली. म्युरिअल काहीतरी बोलत राहिली, पस्तीसवाल्यांनी दार कसल्या भिकार रंगाने रंगवलंय वगैरे. तेहेतीस. तिथे गेनरचा श्वास ऐकू यायला लागला, जिना चढून आलेल्या माणसासारखा. एकतीस नंबरापाशी ती थांबली.

"चल," म्युरिअल म्हणाली.

गेनर हलली नाही. तिचा हात म्युरिअलच्या दंडावर आला, आणि बोटं अशी रुतली की कोटातून हाडाला लागली. डोळे उघडे होते पण कुठे बघत नव्हते. कपाळावर, ओठावर घाम. म्युरिअलने तिला एक पाऊल ओढून पाहिलं. मोठी, उंच बाई, पण ओढल्याबरोबर तिचे गुडघेच दुमडले आणि ती एकतीस नंबराच्या भिंतीला कपाळ टेकून, हातांनी विटा धरून राहिली. जमीन तिरकी झाल्यावर माणूस जे सापडेल ते धरतो, तसं.

म्युरिअल आधी रागावली. लोक बघताहेत, असं हळू आवाजात म्हणाली. मग म्हणाली, बाळा, सहा दारं राहिलीत फक्त, ते बघ तुझं निळं दार. मग म्हणाली, बरं, परत जाऊ, माझ्याकडे चल. गेनरने मान हलवली, इतकी बारीक की भिंतीवर कपाळ घासलं गेलं. पुढेही नाही. मागेही नाही. रस्त्यापलीकडून एक कुत्रा घेतलेला माणूस आला, थबकला, काही हवंय का म्हणून विचारून गेला. म्युरिअलने त्याला सगळं ठीक आहे असं सांगितलं. तिच्या तोंडाला तीच सवय होती.

ते वाक्य उच्चारताना तिने आपला आवाज ऐकला. अगदी हाच आवाज होता तो, लग्नातल्या कपातून चहा ओतत तपासणीच्या बाईला सांगणारा.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. खुब्यातून कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरली होती. भिंतीवर गेनरच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि एका नखाखाली रक्त आलं होतं. म्युरिअलने आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि बोलणं बंद केलं. शेवटी तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, आणि ज्याला आत बस म्हणून बजावलं होतं त्याला म्हणाली, "डेनिस, व्हॅन घेऊन ये."

तो इतक्या लवकर आला की नक्कीच दाराच्या आत किल्ली हातात घेऊन उभा असणार. कार्ली धावतच आली. तिने आईच्या पाठीमागून दोन्ही हात घातले, कानाशी काहीतरी बोलत राहिली, नंबर, दारांचे रंग, असंच काहीबाही, आणि भिंतीवरचं एकेक बोट सोडवलं. डेनिसने मागचं दार सरकवलं. म्युरिअलही आत चढली, हत्याराच्या पेट्यांवर, एकोणऐंशी वर्षांची, रविवारच्या चांगल्या कोटात. सहा दारांसाठी व्हॅन. पहिला गिअर पुरला. तेवढ्या वेळात तिला खिडक्यांमधले तीन पडदे हललेले दिसले, आणि एकतीस नंबराच्या काचेमागे आयव्ही पेचचा चेहरा, अगदी स्पष्ट.

आयव्ही पेचशी म्युरिअल तीस-बत्तीस वर्षं बोललेली नव्हती. अर्नल्ड एकदा पिऊन येऊन पायरीवरच झोपला, आणि पहाटे म्युरिअलने दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगावर आयव्हीची गोधडी होती. एवढाच तिचा अपराध. गोधडी म्युरिअलने धुऊन, घडी करून तिच्या दारात ठेवली आणि विषय संपवला. आपली लाज पाहणाऱ्याला माफ करायचं नाही, ही तिची रीत होती.

गेनरला घरात नेलं. ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली, कोट न काढता. कार्ली पाणी आणायला गेली. म्युरिअल दाराला धरून उभी राहिली, कारण खाली बसली असती तर उठता आलं नसतं.

"तुझे केस मी धुतले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "ती बाई यायची होती तेव्हा. आदल्या दिवसापासून तू माझ्याकडेच होतीस, आणि सकाळी मी तुला न्हाऊ घातलं. लहानपणी घालायचे तसं. लिपस्टिकही मीच लावली. आणि तिने लिहिलं, नीटनेटकी, प्रसन्न दिसते."

"मला माहीत आहे, आई. मी तिथेच होते."

दोघींनाही थोडं हसू आलं. मग गेलं.

"लिहू का हे? परक्या तीन माणसांना?"

गेनर पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायली. "लिही," ती म्हणाली. "फक्त माझ्यापुढे वाचू नका."

परतताना डेनिसने व्हॅनचं दार उघडलं तेव्हा म्युरिअल नको म्हणाली नाही. खुबा खरोखरच दुखत होता.

टेबलावर मांस गार झालं होतं. लोरेनने कोणाला काही विचारलं नाही, नवा कागद घेतला आणि पेनचं टोपण काढलं. म्युरिअलने डोळे मिटून सांगितलं. तिला शाळा फार झालेली नव्हती. पंधराव्या वर्षी ती मासेमारीची जाळी विणायला लागली, आणि जाळं विणताना जसं मधली गाठ सोडून पुढे जाता येत नाही तसं ती एकामागून एक सांगत गेली. मी म्युरिअल स्टॅदर्स. माझी मुलगी रोज एकटी चालत येते असं मी तुमच्या माणसाला सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं नाही हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी बघितलं नाही. त्या दिवशी तिला मी आंघोळ घातली, मी कपडे घातले. तिचं तिने काही केलं नव्हतं. आज रविवारी मी तिला घरी सोडायला निघाले. पाच दारं गेल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली. पुढे किंवा मागे जाता येईना. सहा दारांसाठी गाडी बोलवावी लागली.

"निघाल्यापासून फोन करेपर्यंत किती वेळ गेला?" लोरेनने विचारलं.

"मला नाही सांगता येणार."

"आम्ही पाहिलं घड्याळ. सव्वीस मिनिटं."

"सव्वीस लिही." तिने डोळे उघडले. "तुम्ही बसून बघत होतात घड्याळ?"

"तुम्हीच म्हणालात, बसून राहा." लोरेनने कागदावर सव्वीस लिहिलं. "डेनिस तीनदा उठला. मी त्याला बसवला. आज तो आधी गेला असता तर तुम्ही म्हणाला असतात, अजून थोडं थांबलो असतो तर चालली असती."

म्युरिअलने तिच्याकडे पाहिलं. असंच म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं. या बाईने तीस वर्षांत आपल्याला पुरतं ओळखलंय, आणि आपण तिला तिच्या पिशवीपलीकडे ओळखलं नाही, असं काहीसं तिला वाटलं. पण ते तिने बोलून दाखवलं नाही. तिने सही केली, मोठ्या, एकमेकांना न टेकणाऱ्या अक्षरांत.

लोरेनने कागद वाळायला ठेवला आणि म्हणाली की चांगलं झालंय. मग जराशी अडखळली. सल्लाकेंद्रातल्या बाई म्हणाल्या होत्या की घरच्यांच्या कागदांना वजन कमी पडतं. घरचे काय, म्हणणारच. बाहेरचं कोणी असेल, नात्यातलं नसलेलं, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तर त्याचं लिहिणं जास्त चालतं. केशकर्तनालयवालीला विचारायचं म्हटलं तर ती मुलीकडे गेलीय, बुधवारशिवाय यायची नाही.

डॉल म्हणाली की आज रस्त्यावर होतंच कोण, तो कुत्रेवाला कोण कुठला. म्युरिअल उठली, आरशात बघून केसांना कंगवा लावला आणि कोट पुन्हा चढवला. लोरेनकडे हात पुढे केला. लोरेनने न विचारता एक कोरा कागद आणि पेन दिलं.

पाच दारं तिला एरवीपेक्षा लांब वाटली. एकतीस नंबराच्या भिंतीवर एका विटेवर तांबूस पुसट ओरखडा होता. तिने तो पाहिला आणि दार वाजवलं.

आयव्ही पेचने दार वीतभरच उघडलं. तीही आता म्हातारी झाली होती, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. आधी बोलायचं म्युरिअलने असं उघडच होतं, पण तिला सुरुवातच सापडेना, आणि आयव्हीला बहुतेक तिची दया आली. या गल्लीत एकमेकींना जेवढा मान देता येतो तेवढा तिने दिला.

"मी काही पाहिलं नाही, म्युरिअल," ती हळूच म्हणाली. "मी मागच्या खोलीत होते."

"होतीस खिडकीत," म्युरिअल म्हणाली. "सगळं पाहिलंस. सव्वीस मिनिटं. मला ते लिहून हवंय, आयव्ही, तुझ्या नावानिशी."

आयव्हीने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग दार पूर्ण उघडलं.

"आत ये," ती म्हणाली. "चष्मा वर राहिलाय. मला जिना चढायला वेळ लागतो."